पेशीचे दप्तर आणि त्याच्या गाठी : जीवरसायनशास्त्रज्ञ गीता नारळीकर यांचे संशोधन

शेतजमिनीचा व्यवहार असो, पीककर्जाचा अर्ज असो की वारसनोंद असो, सातबाराचा उतारा लागतोच. सावर्डे, चिपळूण किंवा संगमेश्वर भागातील शेतकरी कुटुंबास हे निराळे सांगण्याची गरज नाही. या व्यवहारातील एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ दप्तर कोणाच्या हाती दिले जात नाही. ज्याला ज्या गटाची माहिती हवी, त्याला तेवढ्याच गटाची नक्कल मिळते. पूर्वी अशी दप्तरे कापडी रुमालांत बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांची मोजदाद रुमालांच्याच हिशेबाने होत आली आहे. म्हणजे नक्कल उतरवून घेणाऱ्या कारकुनाला लेखणी उचलण्याआधी योग्य तो रुमाल शोधावा लागे आणि त्याची गाठ सोडावी लागे.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर आहे. तेही बांधलेले आहे, त्याच्याही नकला निघतात आणि तेथेही नक्कल निघण्यापूर्वी गाठ सुटावी लागते. ही गाठ कोण सोडतो, कशी सोडतो आणि कोणती गाठ कायमची बंद ठेवली जाते, या प्रश्नांच्या शोधात एका मराठी कुटुंबातील शास्त्रज्ञ स्त्रीने आपले आयुष्य वेचले आहे. त्यांचे नाव प्रा. गीता नारळीकर. त्यांच्या कार्याची ओळख वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

नकलांचे दोन प्रकार

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया एका मठात घातला गेला, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांनी आपले निष्कर्ष १८६५ साली वाचून दाखविले आणि १८६६ साली ते छापून आले. गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हिशेबाने उतरतात, हे त्यांनी दाखविले. परंतु ते गुणधर्म कोणत्या पदार्थात लिहिलेले असतात, हे त्या काळी कळण्याजोगे नव्हते. तो पदार्थ म्हणजे डीएनए, हे १९४४ साली ऑस्वल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दिसून आले. पुढे १९५३ साली डीएनएची दुपदरी, पिळदार रचना जगापुढे आली. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात आणि असे दोन संच, एक आईकडून व एक वडिलांकडून, आपल्याला मिळतात.

या मजकुराच्या नकला पेशी दोन प्रकारे करते. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी संपूर्ण दप्तराचीच दुसरी प्रत तयार होते, म्हणजे दोन्ही नव्या पेशींना पूर्ण वारसा मिळतो. ही पहिली नक्कल. दुसरी नक्कल रोजच्या कामाची आहे. पेशीला एखादे प्रथिन बनवावयाचे असेल, तर त्या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, तेवढ्याच भागाची प्रत आरएनए नावाच्या दुसऱ्या पदार्थात उतरवली जाते. या दुसऱ्या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. सातबाराच्या उताऱ्याशी तिचे साम्य स्पष्ट आहे.

या दोन्ही नकलांच्या शोधात एकाच घरातील पितापुत्रांचा वाटा आहे. आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास डीएनएची प्रत तयार करणारे विकर जिवाणूंमधून वेगळे काढले. त्याबद्दल १९५९ साली सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे चिरंजीव रॉजर कोर्नबर्ग यांनी प्रतिलेखन करणाऱ्या यंत्रणेचे अणूअणूंपर्यंतचे चित्र २००१ साली मांडले. त्यासाठी त्यांना २००६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दोन मीटरचा धागा

नक्कल करणारा कारकून सापडला, तरी एक अडचण उरतेच. एका पेशीतील सर्व डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. तो मावतो मात्र पेशीच्या केंद्रकात, ज्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान असतो. अर्थात, तो घट्ट गुंडाळावा लागतो.

ही गुंडाळी कशी असते, याचे उत्तर रॉजर कोर्नबर्ग यांनीच १९७४ साली सुचविले होते. हिस्टोन नावाची आठ प्रथिने एकत्र येऊन एक लहानसा ठोकळा तयार होतो आणि डीएनएचा धागा त्याच्याभोवती सुमारे पावणेदोन वेढे घेतो. एका ठोकळ्यावर १४७ अक्षरे गुंडाळली जातात. या घटकाला न्यूक्लिओसोम असे नाव आहे. असे ठोकळे एकापुढे एक असल्याने तो सारा धागा मण्यांच्या माळेसारखा दिसतो. १९९७ साली या मण्याची तपशीलवार रचनाही क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली.

आता प्रश्न असा, की हवा असलेला मजकूरच मण्यावर घट्ट गुंडाळलेला असेल, तर नक्कल करणाऱ्या यंत्रणेने तो वाचावा कसा? आणि या अडचणीत पेशीचा काही लाभही आहे काय? डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्यातील दप्तर एकच असते. तरीही एक पेशी प्रकाश टिपते व दुसरी पित्त तयार करते, कारण दोन्हींत उघडलेले रुमाल निरनिराळे असतात. म्हणजे गाठ ही नुसती जागा वाचविण्याची युक्ती नसून कोणती पेशी काय बनणार हे ठरविणारी व्यवस्था आहे. गीता नारळीकर यांचे संशोधन नेमके येथून सुरू होते.

घर आणि शिक्षण

नारळीकर हे घराणे मूळचे कोल्हापूरचे. गीताताईंचे आजोबा विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. वडील डॉ. जयंत नारळीकर यांना महाराष्ट्रात कोण ओळखत नाही? केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांच्यासमवेत विश्वरचनेवर संशोधन करून ते १९७२ साली मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे पुण्यात त्यांनी ‘आयुका’ ही संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि नाशिक येथे २०२१ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. आई डॉ. मंगला नारळीकर या गणितज्ञ होत्या. संसार आणि तीन मुलींचे संगोपन सांभाळून त्यांनी संशोधन केले, १९८१ साली डॉक्टरेट मिळवली आणि मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून मराठीत पुस्तके लिहिली. जुलै २०२३ मध्ये त्या निवर्तल्या.

अशा घरात वाढलेल्या मुलीने गणित किंवा खगोलशास्त्र निवडले असते तर कोणास नवल वाटले नसते. गीता यांनी मात्र रसायनशास्त्राची वाट धरली. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून त्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्या आणि नंतर डॉक्टरेटसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेल्या. कोर्नबर्ग पितापुत्रांनीही आपले पुष्कळसे कार्य याच विद्यापीठात केले होते. तेथे डॅनियल हर्शलॅग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अशा आरएनए रेणूंचा अभ्यास केला, जे स्वतःच विकराचे काम करतात. त्यापूर्वी विकर म्हणजे प्रथिनच, अशी समजूत दीर्घकाळ होती. एखादी रासायनिक क्रिया किती टप्प्यांत होते, प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो आणि कोणत्या टप्प्यावर किती ऊर्जा खर्च होते, हे काटेकोरपणे मोजण्याची शिस्त त्यांना तेथे लाभली.

ही शिस्त घेऊन त्या हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी संलग्न असलेल्या मॅसॅच्युसेट्स सर्वसाधारण रुग्णालयातील रॉबर्ट किंग्स्टन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. न्यूक्लिओसोमच्या गाठी सैल करणाऱ्या प्रथिनांच्या संकुलांवर तेथे काम चालू होते. पुढे २००३ साली त्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापक झाल्या आणि तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी डॉ. लीलावती नारळीकर यांनीही पुण्यात राहून संगणकाच्या साहाय्याने जनुकांच्या नियंत्रणाचाच अभ्यास चालविला आहे, हा एक सुंदर योगायोग म्हणावा लागेल.

गाठ सोडणारी यंत्रे

पेशीत काही प्रथिने अशी आहेत, की ती पेशीतील ऊर्जा खर्च करून न्यूक्लिओसोम सरकवतात, सैल करतात किंवा त्याचे घटक बदलतात. यांना आपण पुनर्रचनाकार म्हणू. अशा यंत्रांचा अभ्यास करण्याची जीवरसायनशास्त्रज्ञाची पद्धत घड्याळजीसारखी असते. सबंध पेशी तशीच न घेता तिच्यातील आवश्यक तेवढे भाग शुद्ध स्वरूपात वेगळे काढावयाचे, परीक्षानळीत पुन्हा जुळवावयाचे आणि काम चालते की नाही ते पाहावयाचे. न्यूक्लिओसोमच्या विशिष्ट जागी चमकणारे रंगद्रव्य चिकटविले, तर मणी सरकताच त्या प्रकाशात बदल होतो. त्यावरून तो किती वेगाने व किती दूर सरकला, हे मोजता येते.

या पद्धतीने मिळालेला एक निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ‘एसीएफ’ नावाचा एक पुनर्रचनाकार माळेतील मणी समान अंतरावर बसवितो, हे आधीपासून माहीत होते. पण अंतर समान झाले हे त्याला कळते कसे? नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की हे यंत्र एकटे नसून जोडीने काम करते. मण्याच्या दोन बाजूंना दोन यंत्रे असतात आणि ती मण्याला परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. जत्रेतील रस्सीखेचीचा खेळ डोळ्यांसमोर आणावा. ज्या बाजूला मोकळा धागा अधिक लांब, त्या बाजूची ओढ अधिक परिणामकारक ठरते आणि मणी तिकडे सरकतो. दोन्ही बाजूंचा धागा सारखा झाला, की मणी मध्यावर येऊन राहतो. कोणी मोजपट्टी घेऊन उभा नसतानाही मोजणी बरोबर होते, ती अशी.

दुसरा निष्कर्ष २०१७ सालचा. तोवर बहुतेकांची कल्पना अशी होती, की हिस्टोनचा ठोकळा कठीण असतो आणि हलतो तो फक्त त्याच्याभोवतीचा धागा. नारळीकर यांच्या गटाने याच विद्यापीठातील जॉन ग्रॉस यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांत निराळेच चित्र दिसले. पुनर्रचनाकार मण्याला पकडतो तेव्हा ठोकळ्याचाही आकार आतून किंचित बदलतो. रासायनिक बंध घालून हा ठोकळा मुद्दाम ताठ केला, तेव्हा मणी सरकण्याच्या क्रियेस अडथळा आला. म्हणजे गाठ सुटण्यासाठी दोरीबरोबर ज्या खुंट्याला ती बांधली आहे, त्यालाही थोडे वाकावे लागते.

जे बंदच राहिले पाहिजे

काही गाठी सुटता कामा नयेत, हेही तितकेच खरे. आपल्या डीएनएत पुनरावृत्त झालेले लांबलचक भाग आहेत, तसेच एका जागेवरून दुसरीकडे उडी घेऊ शकणारे तुकडेही आहेत. ते उघडे राहिले तर दप्तरात गोंधळ माजेल. त्यामुळे असे भाग पेशी दाट, बंद स्वरूपात ठेवते. या कामी ‘एचपी-१’ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो.

हे प्रथिन दरवाजाला कुलूप लावावे तसे काम करीत असावे, अशी साधी कल्पना होती. २०१७ साली नारळीकर यांच्या प्रयोगशाळेने दाखविले, की मानवी एचपी-१ प्रथिनाचा एक प्रकार योग्य परिस्थितीत द्रवाच्या थेंबांसारखा एकत्र येतो आणि डीएनएला आपल्यात सामावून घेतो. कालवणावर तेलाचा तवंग जसा वेगळा राहतो, तसा हा थेंब सभोवतीच्या द्रवापासून वेगळा राहतो. त्याच वेळी बर्कली येथील दुसऱ्या एका गटाने माश्यांच्या व सस्तन प्राण्यांच्या पेशींवर काम करून याला पूरक निष्कर्ष मांडला. पुढे २०१९ साली नारळीकर यांच्या गटाने आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. या जातीचे प्रथिन न्यूक्लिओसोमला घट्ट करण्याऐवजी त्याच्या आतल्या भागाला हालचाल देते. त्यामुळे एरवी झाकलेले भाग उघडे पडून अनेक मणी परस्परांशी अधिक जवळून बांधले जातात. मणी आतून सैल होतो आणि म्हणूनच माळ दाट होते.

विज्ञानात कोणतेही चित्र तपासणीविना स्वीकारले जात नाही. २०२० साली युरोपातील संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून असे मत मांडले, की जिवंत पेशीत हे प्रथिन थेंबांच्या रीतीने वागत असल्याच्या अपेक्षित खुणा त्यांना आढळल्या नाहीत. परीक्षानळीत जे घडते ते पेशीत कितपत आणि केव्हा घडते, याविषयीची ही चर्चा अजून संपलेली नाही. ज्या कल्पनेवर अशी चर्चा होते, त्याच कल्पनेने शास्त्र पुढे जाते.

हे जाणून आपणास काय लाभ?

हार्वर्ड येथे असताना नारळीकर यांनी माणसातील ‘स्वी-स्निफ’ नावाच्या संकुलावर काम केले होते. तेव्हा तो निव्वळ ज्ञानाचा प्रश्न होता. २०१३ साली अनेक कर्करोगांच्या जनुकीय माहितीचे एकत्रित परीक्षण झाले, तेव्हा दिसून आले, की सुमारे २० टक्के कर्करोगांत याच संकुलाच्या कोणत्या ना कोणत्या घटकात बिघाड असतो. गाठ सोडणारे यंत्र बिघडले, तर नको ते कागद उघडतात, हवे ते उघडत नाहीत आणि पेशी आपली मर्यादा विसरते. हे यंत्र नेमके कसे चालते हे माहीत असल्याखेरीज ते दुरुस्त करण्याचा किंवा त्याला पर्याय शोधण्याचा विचारही करता येत नाही. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेल्या कुटुंबाला परीक्षानळीतील ही मोजमापे दूरची वाटतील. तरीही उपचारांची वाट तेथूनच जाते.

दुसरी गोष्ट आपल्या परिसराशी अधिक निगडित आहे. रुमालांवर पेशी लहान लहान रासायनिक खुणाही करून ठेवते. मिथिल नावाचा छोटा गट डीएनएच्या अक्षरांना किंवा हिस्टोनला जोडला जातो आणि त्यावरून तो भाग उघडावयाचा की बंद ठेवावयाचा, याचा संकेत मिळतो. एचपी-१ प्रथिन आपली जागा अशाच एका खुणेवरून ओळखते. या खुणांसाठी लागणारा मिथिल गट पेशीला मिळत राहावा, म्हणून आहारातील फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे आवश्यक असतात. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएवरील एका महत्त्वाच्या जनुकाच्या खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मजकूर तोच होता. गाठीवरची खूण बदलली होती.

महाराष्ट्रातही या दिशेने महत्त्वाचे कार्य झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांच्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे ब्रिटनमधील सुमारे ३.५ किलोच्या तुलनेत पुष्कळ कमी होते. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असू शकतो, असे या संशोधनातून पुढे आले. सावर्ड्याजवळच असलेल्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने रत्नागिरी जिल्ह्यातील किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा व आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, त्यामागेही हाच विचार आहे. आजची मुलगी उद्याची माता होणार. तिच्या पोषणाचा परिणाम पुढील पिढीपर्यंत पोहोचू शकतो.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. नारळीकर यांचे प्रयोग रेणूंच्या पातळीवरचे आहेत आणि गावोगावी चाललेले अभ्यास माणसांच्या पातळीवरचे. एकापासून दुसऱ्यापर्यंतचा सारा रस्ता अजून बांधून झालेला नाही. अमुक पदार्थ खाल्ला म्हणजे अमुक जनुक बंद होईल, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. तथापि, वाढत्या वयाच्या मुलींना पुरेसे व सकस अन्न मिळावे, मासे, अंडी, दूध, कडधान्ये आणि पालेभाज्या त्यांच्या ताटातही भावाइतक्याच पडाव्यात, हे सांगण्यासाठी तो रस्ता पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

‘हे आमच्या रक्तातच आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. मधुमेह असो, स्वभाव असो की अभ्यासातली गती, सारे जन्मतःच लिहून ठेवलेले आहे, असा त्या बोलण्याचा सूर असतो. गीता नारळीकर आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले, की लिहिलेला मजकूर हा वारशाचा एक भाग झाला. त्यातील काय उघडावयाचे, काय मिटून ठेवावयाचे आणि कशाची नक्कल काढावयाची, याची उलाढाल पेशीत क्षणोक्षणी चालू असते. मण्यांची ती माळ सतत हलते, वाकते, सैल होते आणि पुन्हा बांधली जाते. आपल्या मुलामुलींच्या आरोग्याविषयी निराश होण्याऐवजी त्यांची काळजी घेण्यास या ज्ञानाने बळ मिळाले, तर दूरच्या प्रयोगशाळेतील ते परिश्रम कोकणातील आपल्या घरांपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.